पास आणि पायडल

मे संपताना आणि जून लागताना तीन दिवस पाठोपाठ येतात. 31 मे ही अहिल्यादेवी होळकरांची जयंती. 1 जून हा एसटीचा वाढदिवस. 1948 साली याच दिवशी नगरहून पुण्याकडे पहिली गाडी सुटली, किसन राऊत तिचे चालक होते आणि लक्ष्मण केवटे वाहक. 3 जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो 2018 मध्ये जाहीर केला. पहिल्या दिवशी पुतळ्याला हार पडतात, दुसऱ्या दिवशी आगारात रांगोळी निघते, तिसऱ्या दिवशी शहरात सकाळची सायकल फेरी होते. पंधरवडा उलटत नाही तोच शाळा उघडतात, आणि मग या तिन्ही दिवसांचा संबंध ज्या एका मुलीशी आहे ती दप्तर पाठीला लावून थांब्यावर येऊन उभी राहते. तिच्या हातातला मोफत पास अहिल्यादेवींच्या नावाच्या योजनेतला. तिची वाट पाहणे एसटीच्या गाडीसाठी. घरापासून थांब्यापर्यंतची वाट मात्र तिची तिला तुडवावी लागते. तिथे सायकल असती तर सोय झाली असती.

ही मुलगी महाराष्ट्रात कुठल्याही फाट्यावर दिसेल. आम्ही तिला कुंभारीत पाहतो, त्याला कारण आहे.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव देशाला माहीत झाले ते घरांमुळे. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने आणि विडी कामगार बायांच्या चिकाटीने इथल्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे बायांना मिळाली. पुढे असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचे रे नगर आले आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यातल्या 15 हजार घरांचा ताबा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आला. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसांनी शहरातल्या भाड्याच्या एका खोलीतून स्वतःच्या दारात यावे, ही साधी गोष्ट नाही. कामगार चळवळीने महाराष्ट्राला जे थोडे डोळ्यांनी दिसणारे दिले, त्यात कुंभारीचे नाव वर घ्यावे लागेल.

पण घर इकडे आले आणि शहर तिकडेच राहिले. मंडई तिकडे, मोठा दवाखाना तिकडे, जुन्या ओळखी तिकडे. वसाहतींत शाळा आल्या, येत आहेत. तरी अकरावी-बारावीला मनासारखी शाखा हवी असेल, आयटीआय करायचे असेल, बीकॉमला जायचे असेल, तर सोलापूर गाठावे लागते. सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवींचेच नाव दिले आहे, आणि ते पुणे रस्त्यावर, केगावला. म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरच्या मुलीने विद्यापीठाच्या आवारात शिकायचे ठरवले, तर सगळे शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच परत यायचे.

या प्रवासाला भाडे किती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वेळ किती, हा फारसा कोणी विचारत नाही. विडीच्या घरात मात्र तोच आधी विचारला जातो, कारण तिथे तासाला भाव असतो. मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. हजारी पुरी करता करता आईचा दिवस मावळतो. शाळकरी पोर घरी असली की पाने कापून देते, जुड्या बांधते, धाकट्याला सांभाळते, भात लावते. तिचे हे काम कुठल्या वहीत लिहिले जात नाही, पण त्यावाचून हजारी पुरी होत नाही. ती पाचला सुटून साडेपाचला घरी आली तर घर तिचे शिक्षण सोसते. तीच साडेसात वाजता, थांब्यावर दोन तास उभी राहून, अंधारात घरी आली, तर आठ-पंधरा दिवसांत तिच्या शाळेची चर्चा सुरू होते. कोणी तिला शाळेतून काढत नाही. आधी शनिवारची शाळा बुडते, मग परीक्षेपुरते जाणे होते, मग कोणी विचारले की उत्तर मिळते, ‘घरी हाताखाली लागते हो.’ पैशाचे भाडे सरकारने माफ केले. वेळेचे भाडे अजून तिच्याकडूनच घेतले जाते. आमचे सगळे म्हणणे या एका ठिकाणाहून निघते.

सरकारने काहीच केले नाही, असे मुळीच नाही. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे. तीन रुपयांचा प्रवास रुपयात होतो. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना पास पूर्ण मोफत. ही सोय आधी दहावीपर्यंत होती, पुढे ती बारावीपर्यंत नेली. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या मुली या कागदावर शिकल्या. आज तालुक्याच्या दवाखान्यात नर्स असलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी, बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई तिशी-पस्तिशीची असेल तर तिला विचारून पाहा. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, घामाने कडा मऊ पडलेला तो पास तिला आठवेल. राज्याने शिक्षणावर केलेल्या खर्चात याच्याइतका कारणी लागलेला खर्च थोडा.

आणखी एक सुधारणा अलीकडची. पूर्वी पासासाठी शाळेतून बोनाफाईड आणायचे, मग बसस्थानकावर रांग लावायची. रांगेत मुलाचा शाळेचा दिवस जायचा आणि सोबत आई आली असेल तर तिची मजुरीही जायची. 2024 च्या जूनमध्ये ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ ही मोहीम निघाली, 2025 मध्ये ती पुन्हा राबवली गेली. मुख्याध्यापकांनी यादी द्यायची, एसटीच्या कर्मचाऱ्यांनी शाळेत येऊन पास द्यायचे. काम लहान दिसते, पण हजारो घरांचा एकेक दिवस त्याने वाचला. ज्याने हे सुचवले त्याने थांब्यावरच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले असले पाहिजे.

आता जिथे अडते ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने 2011 मध्ये जे नियम केले त्यांत पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. नववीपासून पुढे या कायद्याचे अंतराला बंधन नाही. आणि शाळा लांब जाते ती नेमकी नववीपासून. मोफत पास बारावीला संपतो, आणि कॉलेज आणखी लांब जाते ते बारावीनंतर. 2024-25 पासून राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय मोठा आहे, त्याचे स्वागतच. पण ज्या वर्षी फी माफ होते त्याच वर्षी पासाचे पैसे सुरू होतात. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा सवलतीतला तिसरा हिस्साही तेवढाच वाढला. अहिल्यादेवींच्या नावाचा पास अहिल्यादेवींच्या नावाच्या विद्यापीठापर्यंत चालत नाही, ही त्रुटी सरकारला एका निर्णयात दूर करता येईल.

शिवाय पास एक नाही. एसटीचा वेगळा, महापालिकेच्या सिटी बसचा वेगळा. एसटीने सोलापूरच्या स्थानकावर उतरलेल्या मुलीला पुढे शहरातल्या कॉलेजला जायचे तर दुसऱ्या गाडीचे तिकीट किंवा दुसरा पास काढावा लागतो. ती एकच, रस्ता एकच, पण दोन उपक्रमांच्या हिशेबात ती दोन प्रवासी होते. दोन्हींकडे आता तिकिटांची यंत्रे आहेत. एकाचा पास दुसऱ्याने मान्य करून महिन्याला आपसात हिशेब करायचा, यात तांत्रिक असे काही राहिलेले नाही; दोन कार्यालयांनी एका टेबलाशी बसायचे राहिले आहे.

आणि वेळापत्रक. पासधारक मुलांना घ्यायला गाडी थांबत नाही, ही तक्रार राज्यभर आहे. चालक-वाहकांचीही बाजू आहे: गाडी आधीच भरलेली असते, थांब्यावर चाळीस पोरे असतात, आणि उशीर झाला तर जाब त्यांनाच. दोघांची भांडणे लावून काही मिळणार नाही. शाळा कधी भरते आणि कधी सुटते हे आगाराला मे महिन्यातच कळले पाहिजे, आणि दहा-पंधरा मिनिटे शाळेने पुढेमागे व्हावे, दहा-पंधरा गाडीने. धोत्री, दर्गनहळ्ळी, वळसंग, कुंभारी या पट्ट्यातल्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून आपल्या वेळा एका कागदावर मांडल्या, तर कोणती फेरी कुणाच्या कामाची आणि कोणती रिकामी धावते ते तासाभरात दिसेल. एसटी बंद पडली की काय होते, ते आपण पाहिले आहे. कोरोनानंतर 4 ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संप सुरू झाला, तो 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांचे हाल खरे होते, त्यांच्या घरांतल्या आत्महत्याही खऱ्या होत्या. त्या सहा महिन्यांत खेड्यातली मुले वडापच्या टपावर, दुधाच्या गाडीत, नाहीतर पायी गेली. काही पुन्हा शाळेत आलीच नाहीत.

म्हणून केवळ गाडीवर विसंबून चालणार नाही, सायकलीचाही विचार गंभीरपणे करावा लागेल. सायकल दिनाच्या फेरीत जी सायकल दिसते ती ही नव्हे. शर्यतीच्या सायकली आता इतक्या हलक्या करता येतात की 6.8 किलोपेक्षा कमी वजनाची सायकल चालणार नाही, असा नियम आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला करावा लागला. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हातात येते ती सायकल याच्या जवळजवळ तिप्पट वजनाची असते. कोव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्लीने 1885 मध्ये जवळपास सारख्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ बनवली. तिचा सांगाडा आजही जवळपास तोच आहे. 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेची धाव केली, ती आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला दगडांवरून हादरे बसू नयेत म्हणून. मुलाच्या सोयीसाठी लागलेला हा शोध पुढे मोटारींनी उचलला. त्यानंतरची सव्वाशे वर्षे सायकलीवरची बरीचशी हुशारी वेगाकडे, डोंगर उतरण्याकडे, हौसेकडे गेली. फाट्यापर्यंतच्या तीन किलोमीटरांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

थोडे आले, पण आले. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायांना सायकल शिकवण्याचा घाट घातला. हजारो बाया शिकल्या, लेडीज सायकली बाजारात मिळेनाशा झाल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे की पुष्कळ बायांना उलट जेन्ट्स सायकलच बरी वाटली, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते. सायकल कशी असावी हे वापरणाऱ्या बाईला विचारले तर उत्तर कारखान्याच्या अंदाजापेक्षा वेगळे निघते, हे त्यातून कळले.

बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नावनोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, मुलगे-मुलींतली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली, आणि ही वाढ प्रामुख्याने अशा गावांत झाली जिथून शाळा 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब होती. झांबियात ग्रामीण मुलींना सायकली देऊन असाच अभ्यास झाला, त्यातही निशिथ प्रकाश होते. शाळेत पोचायचा वेळ 35 टक्क्यांनी घटला, उशिरा पोचणे 66 टक्क्यांनी आणि गैरहजेरी 27 टक्क्यांनी कमी झाली. विडीच्या घरातला तासाचा हिशेब हाच आहे. सायकलीने मुलगी फक्त शाळेत पोचत नाही, ती वेळेवर घरीही पोचते, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकते.

आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, मुलींसाठी निळ्या गाड्याही धावतात. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडूनही सायकली वाटल्या जातात. पण तालुका मागास की पुढारलेला, या मोजमापात शहराला लागून असलेल्या कामगार वसाहतीची गरज बुडून जाते. आणि जी सायकल वाटली जाते ती कुठल्या मातीवर चालायची आहे, हे निविदेत कोणी लिहीत नाही.

कुंभारीच्या भोवतालची माती काळी. पहिला मोठा पाऊस झाला की आतल्या रस्त्याने सायकल पाच-पन्नास पावले जाते आणि चाक फिरायचे थांबते. धावेला चिकटलेला चिखल मडगार्डाखाली गोळा होतो, वर चढत जातो आणि चाक आवळून धरतो. मग उतरायचे, बाभळीची काटकी शोधायची, मडगार्ड आणि धाव यांच्या फटीतून चिखल खरवडायचा, पुन्हा बसायचे; आणि थोडे पुढे गेले की पुन्हा तेच. गणवेशाची सलवार गुडघ्यापर्यंत भरते. शेवटी मुलगी सायकल ढकलत नेते, किंवा पावसाळाभर ती भिंतीला टेकवून ठेवते. उन्हाळ्यात दुसरे दुखणे: वेड्या बाभळीचे काटे, आणि 42-43 अंशांत तापून सुटणारी ट्यूबची ठिगळे. ब्रेकचे रबर ओल्या रिमवर घसरते. चेनकव्हर पहिल्याच वर्षी वाकते आणि ओढणी साखळीत जाते. दिवा नसतोच. हिवाळ्यात दुपारपाळीची शाळा सुटते तेव्हा दिवस कलतो, आणि चौपदरी झालेल्या अक्कलकोट रस्त्याच्या कडेने ती अंधारात ट्रकांच्या शेजारून जाते.

यातल्या एकेका दुखण्यावर उपाय निघालेला आहे. आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली ‘बफेलो’ नावाची सायकल पाहा. जाड नळ्यांचा सांगाडा, मागे क्विंटलभर ओझे पेलणारे कॅरिअर, आणि पायडल उलटे दाबले की चाकाच्या तुंब्यातच लागणारा ब्रेक. त्याला तार नाही, रबर नाही, चिखल-पावसाशी देणेघेणे नाही. अलीकडे तिची नवी आवृत्ती निघाली, तिला दोन साखळ्या आणि दोन फ्रीव्हील आहेत. पायडल थोडे मागे फिरवले की गिअर बदलतो. चढाला हलका, सपाटीला जड. हँडलवर गिअरचा खटका नाही, तुटायला त्याची तार नाही, वाकायला नाजूक पट्ट्या नाहीत. गावातला पंक्चरवाला ज्या पान्याने नेहमीची सायकल उघडतो त्याच पान्याने दुरुस्त करता येईल असे यंत्र करायचे आणि तरी गिअर द्यायचा, यात खरी कारागिरी आहे. कार्बनचा सांगाडा करणाऱ्याइतकीच बुद्धी इथे लागली आहे, आणि ती गरजेच्या ठिकाणी लागली आहे.

हीच सायकल आणून वाटा, असे आमचे म्हणणे नाही. ती जड आहे, आपल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या उंचीला कदाचित बसणारही नाही. पण लुधियानात सायकलीचा एवढा मोठा उद्योग आहे, राज्यात अभियांत्रिकीची शेकडो महाविद्यालये आहेत, सोलापुरातही आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवे असतात. काळ्या मातीत न अडकणारे मडगार्ड, काट्याला दाद न देणारी धाव, ओढणी न ओढणारे चेनकव्हर, चाकाच्या फिरण्यावर पेटणारा आणि थांबल्यावरही दोन मिनिटे तेवत राहणारा एलईडी दिवा, दप्तराच्या मापाचे कॅरिअर, आणि पुढची नळी एवढी खाली की मुलीला सहज पाय टाकता यावा. प्रकल्पाला बसायच्या आधी या मुलांनी जूनच्या एखाद्या पावसाळी सकाळी वसाहतीतून थांब्यापर्यंत सायकल चालवून पाहावी. शासनाने सायकलींची खरेदी करताना वजन आणि किंमत या दोन रकान्यांशेजारी हेही रकाने घालावेत.

झांबियाच्या अभ्यासात आणखी एक बारकावा होता, तो आपल्या कामाचा आहे. सायकल फुकट दिली तरी सुट्या भागांचा खर्च राहतोच, हे धरून त्यांनी काही मुलींच्या घरांकडून त्यासाठी थोडे पैसे घेतले आणि काहींचा तो भार योजनेने उचलला. आपल्या वाटपात सायकल मिळते, फोटो निघतो आणि विषय संपतो. पहिली ट्यूब फुटली की पैसे कोणाचे, हे कुठेच लिहिलेले नसते. विडीच्या घरात नवी ट्यूब ही लहान रक्कम नाही. ती पुढच्या आठवड्यावर जाते आणि सायकल बसून राहते. म्हणून सायकलीबरोबर दोन ट्यूबा, ठिगळे, सोल्युशन, पान्यांचा एक संच आणि शाळेत एक पंप द्यायला हवा. पंक्चर काढणे, साखळी चढवणे, ब्रेक आवळणे हे कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना शिकवता येते. आठवीच्या मुलीला एकदा चाक उघडता आले की ती कोणावर अडून राहत नाही.

राहता राहिला थांबा. पास आणि सायकल एकमेकांना भेटतात ते तिथे, आणि आज तिथे सायकल ठेवायला जागा नाही. सायकल ठेवायची कुठे आणि ती संध्याकाळी जागेवर असेल का, या एका काळजीने पुष्कळ मुली पायी येतात. कुंभारीच्या थांब्याला लागून पत्र्याची एक शेड, चाक अडकवून साखळी-कुलूप लावता येईल अशा जमिनीत रोवलेल्या लोखंडी नळ्या, एक दिवा, आणि दिवसभर नजर ठेवायला वसाहतीतलीच एखादी म्हातारी बाई मानधनावर. तिने तिथे बसून विड्या वळल्या तरी चालेल. ग्रामपंचायत, वसाहतीची संस्था आणि एसटी यांनी ठरवले तर शाळा उघडण्याच्या आधी एवढे उभे राहू शकते, आणि पुढच्या जूनपर्यंत त्या शेडमध्ये किती सायकली लागतात ते मोजून धोत्री फाट्यावर दुसरी शेड बांधायची की वळसंगला, हे ठरवता येईल.